लाल चिंधी

मास्तर पावसात निथळत दारात आले, की मी पुढे केलेला पाण्याचा तांब्या घेत नसत. आधी विचारत, "सरू, चूल पेटलेली आहे ना?" चूल स्वतःला शेकायला नव्हे, कागदांसाठी. पाठीवर दोन लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये रद्दीच्या वर्तमानपत्रांची चळत आवळलेली आणि एकेका घडीत एकेक रोपटं. कागद रोज बदलावे लागत, नाहीतर पाला काळा पडे. ओले झालेले कागद चुलीवर धरून वाळवायचं काम माझ्याकडे आलं.

ही साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमची सात घरांची वाडी. मालक पुण्याला लाकडाच्या वखारीत. घरात मी आणि सासूबाई. मास्तर पुण्यातल्या एका कॉलेजात वाळलेल्या झाडपाल्याची कपाटं सांभाळत. शिकवत नव्हते, पण चष्मा होता म्हणून वाडीनं त्यांना मास्तर केलं. श्रावण-भाद्रपदात पंधरा-वीस दिवस आमच्या पडवीत राहत. लग्न केलेलं नव्हतं. पाणवठ्यावर बायका म्हणत, "पाल्याशीच लगीन लागलंय बाबाचं. सवत न्हाई, सासू न्हाई, बरं हाय."

ते बोलत कमी. मीही बोलकी नव्हते. आम्ही दोघं चुलीपाशी कागद शेकत बसायचो. मी चौथी शिकलेली. लग्नानंतर अक्षर दिसलं नव्हतं, ते त्या ओल्या कागदांवर पुन्हा वाचायला लागले. बातम्या वर्षभर शिळ्या, पण मला सगळ्याच नव्या.

एकदा कड्यावरून एक निळं फूल मी त्यांना आणून दिलं. प्रत्येक पाल्याला ते चिठ्ठी लावत. झाडाचं नाव, जागा, दिवस आणि तोडणाऱ्याचं नाव. त्या चिठ्ठीवर त्यांनी माझं नाव लिहिलं.

"माझं कशाला? तुमचं लिवा की," मी म्हणाले.

"तोडलं कुणी? तू. चिठ्ठीत खोटं लिहिलं, की वाळवलेला पाला आणि उकिरड्यावरचा पाला सारखाच."

त्यांना एक वेल हवा होता. आमच्याकडे डोंगरात खरपुडी होते, तिचा कंद लोक खातात, फूल छोट्या कंदिलासारखं. हा वेल त्याच जातीचा, पण पान निराळं, आणि पुस्तकात त्याला अजून नाव नव्हतं. तीन वर्षं त्यांना नुसती पानं सापडली. फुलायच्या आधी गुरं तरी खात, नाहीतर माणसं.

"फुलाशिवाय नाव देता येत नाही," ते म्हणत. "पानावरून ओळखायचं म्हणजे पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची. वळून बघेल तो आपलाच असेल असं नाही."

चौथ्या वर्षी आले ते काठी टेकत. "पुढच्या वर्षी नोकरी संपते. गुडघे आधीच संपलेत." म्हणजे हा शेवटचा पावसाळा. आणि त्याच वर्षी वेल कळ्यांवर सापडला. फुलायला आठ दिवस लागणार होते. जागा ओळखू यावी म्हणून तिथे काठी रोवायची ठरली.

"काठीला बांधायला चिंधी दे एखादी. पांढरी दे."

"पांढरी धुक्यात दिसायची न्हाई, मास्तर. लाल घ्या." मी माझ्या फाटक्या चोळीची चिंधी दिली.

आठ दिवसांनी आम्ही दोघं वर गेलो. काठी होती, चिंधी होती. भोवतीची हातभर जमीन खरवडून शेणानं सारवलेली. शेजारच्या दगडाला शेंदूर. वेल बाजूला उपटलेल्या गवतात पडला होता, कळ्या काळ्या पडलेल्या.

सासूबाईंचं काम. त्यांचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं, देवासकट. तेव्हापासून बेवारशी देव दिसला की त्या त्याला तसा टाकून पुढे जात नसत. घरी आल्यावर मी ओरडले, "आत्याबाई, तितं मास्तरांचा वेल हुता!"

"हुता. कापला मी. लाल चिंधी लावून द्येव बशिवलाय, आन् त्याच्या डोस्क्यावर वेल चढू द्यायचा व्हय?"

"बरोबर आहे तुमचं," मास्तर म्हणाले. त्यांनी फळ्यांचे पट्टे आवळले आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चिंधी माझी होती.

कंद मात्र जमिनीत राहिला होता. पुढच्या पावसाळ्यात तिथेच वेल वर आला. या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "द्येवानंच उगवलाय, मी कशाला हात लावू?" कळ्या धरल्या तसं मी कॉलेजच्या पत्त्यावर मास्तरांना कार्ड टाकलं. उत्तर दुसऱ्याच कुणाचं आलं. मास्तर चैत्रात वारले. खोलीत एकटेच होते, दार तिसऱ्या दिवशी उघडलं.

फूल उमललं त्या दिवशी मी ते तोडलं. मालकांनी वखारीतून आणलेल्या फळ्यांत घातलं, पंधरा दिवस रोज कागद शेकून बदलले. मग चिठ्ठी लिहायला बसले. जागा लिहिली, दिवस लिहिला. तोडणाऱ्याचं नाव मास्तरांचं लिहायचं मनात होतं. लिहवेना. माझंच लिहिलं.

मालक म्हणाले, कॉलेजात पाठवून दे. नाही पाठवलं. चुकलं असेल. पण चार पावसाळे ज्यानं गुडघे झिजवले, त्याच्या मागे दुसऱ्या कुणी येऊन त्या वेलाला नाव द्यावं, हे मला नको होतं.

कागद अजून ट्रंकेत आहे. फूल तपकिरी पडलंय, पण आकार गेला नाही. वेलाच्या नावाची जागा कोरी आहे. ती भरणारा माणूस माझ्या चिंधीपायी एका पावसाळ्यानं चुकला.