व्याह्यांच्या तोलाची बंदूक

लेकीनं नवरा स्वतःच निवडला आणि झटक्यात निवडला. चष्मेवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. मुलगा बोलायला सरळ होता, डोळ्यांना नंबर नव्हता; त्यांच्या धंद्यातल्या माणसाला एवढी पारख पुरेशी होती. घोळ झाला तो व्याह्यांच्या बैठकीच्या खोलीत.

तिथं भिंतभर कप होते. व्याही पाण्याच्या टाक्यांचे कारखानदार, पण टाक्यांविषयी ते चकार शब्द बोलत नसत. त्यांचा सगळा जीव रविवारात. गावाबाहेरच्या क्लबात यंत्रातून भिरभिरत सुटणाऱ्या मातीच्या तबकड्या छऱ्याच्या बंदुकीनं हवेतल्या हवेत फोडायच्या, हा त्यांचा नाद. चहा निवेपर्यंत त्यांनी एकेका कपाची जन्मकथा सांगितली. ऐकता ऐकता चष्मेवाल्यांच्या मनात आलं, आपल्या भिंतीवर काय आहे? अक्षरांचा तक्ता. तोसुद्धा दुकानातला पिवळा पडला म्हणून घरी आणलेला.

आणि तोंडातून निघून गेलं, "आम्हीही मारतो थोडंफार."

बायकोनं घोट तोंडातच धरून ठेवला. व्याही मात्र उठून उभेच राहिले.

"काय सांगता! मग लग्नाआधी जोडीचा सामना आहे क्लबात. तुम्ही आणि मी! कोणती वापरता?"

"कोणती म्हणजे?"

"बंदूक हो!"

"ती सध्या... बदलतोय," चष्मेवाले म्हणाले. त्या एका वाक्यात पुढचं सगळं वर्ष गेलं.

घरी परतताना लेक गाडीत मागं बसली होती. ती पुढं वाकली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही उंदरालासुद्धा वर्तमानपत्र दाखवून घालवता."

"शिकेन की."

"शिकाच. मला त्या घरात जन्मभर जेवायचंय. सासऱ्यांना एकदा कळलं की तुम्ही थाप मारली, तर प्रत्येक जेवणाला तोंडी लावायला तुम्हीच असाल. आणि वाढून घ्यायचं मला."

हे चष्मेवाल्यांना बरोबर लागलं. बापाची अब्रू एक वेळ गेली तर गेली, लेकीच्या ताटात ती पडता कामा नये.

व्याही फिरकत नसत अशा, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबात त्यांनी नाव घातलं. परवान्याचे सोपस्कार चालू होते तोवर क्लबाच्या भाड्याच्या बंदुकीवर हात साफ करायचा, असं ठरलं. हात साफ झाला, तबकड्या मात्र जशाच्या तशा पलीकडच्या गवतात जाऊन उतरत. ढिगानं पडलेल्या त्या अखंड तबकड्या बघून सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळं क्लबाची बचत होतेय."

सगळ्यांचं निदान एकच. बंदूक चुकीची. स्वतःची घ्या.

आता कोणती? चष्मेवाल्यांनी क्लबातल्या जाणत्यांना एकेक करून गाठलं. एक निवृत्त बँक मॅनेजर होते. ते म्हणाले, नळ्या एकावर एकच हव्यात, नजर सरळ धावते. त्यांची तशी होती. एक दातांचे डॉक्टर म्हणाले, छे, नळ्या शेजारी शेजारी. बंदुकीला काही घरंदाजपणा नको का? त्यांची तशी होती. तिसरा मोटारींचा दलाल. तो म्हणाला, एकनळी, आपोआप काडतूस भरणारी घ्या, खांद्याला धक्का कमी. शिवाय त्याला त्याची विकायची होती. लांब नळी म्हणजे स्थिर हात, असं सांगणाऱ्याची नळी लांब होती आणि आखूड नळी म्हणजे चपळ हात, असं सांगणाराही आपलीच घेऊन उभा होता. आपली सोडून दुसऱ्याची बरी म्हणणारा एकही माणूस अख्ख्या क्लबात निघाला नाही. एवढी निष्ठा हे लोक घरी दाखवत असतील का, असा विचार चष्मेवाल्यांच्या मनात आला, पण शिकाऊ माणसानं असलं काही विचारायचं नसतं.

बंदुकीच्या दुकानदाराकडं तर वेगळीच तऱ्हा. त्यानं चष्मेवाल्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि तबकड्यांचं नाव काढायच्या आधीच म्हणाला, "तुमच्या व्यक्तिमत्त्वाला गडद अक्रोड."

"वजनाचं काय? हलकी बरी की जड?"

"हलकी उचलायला बरी, जड मारायला बरी."

"मग?"

"मधली घ्या. मधली माझ्याकडं आहे."

चष्मेवाले स्वतः दुकानदार. गोल चेहऱ्याच्या बाईला चौकोनी फ्रेम देताना तेही असंच बोलायचे. तरी ते विरघळले. एकावर एक नळ्यांची, गडद अक्रोडी दस्त्याची बंदूक ठरली. दुकानदारानं त्यांचा हात मापला, मान मापली, गाल किती भरलेला आहे तेही पाहिलं, आणि दस्ता त्यांच्या उजव्या खांद्याला बसेल असा तासून, किंचित बाहेर वळवून दिला. कोट शिवावा तशी बंदूक. डोळ्याला माप लावायचं कुणाला सुचलं नाही. डोळ्याच्या माणसाला डोळ्याचं काय विचारायचं?

परवाना आला, बंदूक आली, आणि तबकड्या पूर्वीसारख्याच गवतात उतरू लागल्या. चष्मेवाल्यांनी काडतुसं बदलली. वाऱ्याला दोष दिला. नळीच्या तोंडाशी छर्रे आवळून धरायची बारीक नळकांडी असतात, ती बदलली. नेमानं नेम चुकायचा, तोही दर वेळी एकाच अंगाला, डावीकडून. बायको म्हणाली, "इतकं न चुकता चुकवणं हीसुद्धा कलाच आहे."

सामन्याच्या आदल्या दिवशी दुकानात एक शिक्षिका आल्या होत्या. चष्मा लावूनही सुईत दोरा जात नाही, अशी तक्रार. चष्मेवाल्यांनी सवयीनं सांगितलं, "दोन्ही हात पुढं करा. पंजे जुळवून मधे भोक ठेवा. त्यातून तक्त्यावरचं वरचं अक्षर बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला अक्षर दिसत राहील तो तुमचा मालक डोळा. दुसरा नुसता सोबतीला." हे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. बाईंना कळेना, म्हणून स्वतः हात जुळवून दाखवायला गेले. डावा डोळा मिटला.

अक्षर गेलं.

उघडला. अक्षर आलं. उजवा मिटला, तरी अक्षर जागच्या जागी. उजव्या खांद्यावर बंदूक, उजव्या गालाला दस्ता, आणि नेम धरणारा मालक बसलाय डावीकडं! गावभरच्या माणसांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं, स्वतः एकदाही बसले नव्हते.

काउंटरमागून बायकोनं सगळं पाहिलं होतं. बाई गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमचा डावा?"

"हळू बोल."

"दुकानात कुणी नाहीये."

"तरी हळू बोल. डाव्या खांद्यावरून मारावं तर दस्ता उजवीकडं वळवलेला. उद्या सामना. व्याही काय म्हणतील? चष्मेवाल्याला स्वतःचा डोळा माहीत नाही!"

बायकोनं एका फ्रेमच्या काचेवरचा गोल पांढरा स्टिकर नखानं सोडवला आणि त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, बाहुलीच्या जरा वर, चिकटवला. "बंदूक उचलल्यावर मान खाली जाते ना? तेव्हा हा बरोबर आड येईल. मालकाला घ्या झोपवून."

दुसऱ्या दिवशी मैदानावर व्याह्यांनी पहिली गोष्ट पाहिली ती बंदूक. दुसरी तो स्टिकर.

"हे काय, व्याही?"

खरं सांगायची ही शेवटची सोयीची वेळ होती. लेक दोरीपलीकडं भावी सासूशेजारी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर ते जन्मभराचं जेवण दिसत होतं.

"नवी पद्धत आहे," चष्मेवाले म्हणाले. "बाहेर आता सगळे असंच करतात. एकाग्रता वाढते."

मग ते जागेवर उभे राहिले, मान खाली घातली आणि म्हणाले, "सोड!" तबकडी सुटली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर फुटली. धुरळा उडालेला बघून ते इतके दचकले की दुसरी गेलीच. पण तिसरी फुटली, पुढं आणखी फुटत राहिल्या. कप काही मिळाला नाही, तरी व्याह्यांनी पाठीवर अशी थाप मारली की बंदुकीचा धक्का बरा. "थोडंफार म्हणत होता! लपून होता की हो!"

लेकीनं सुटकेचा श्वास सोडला. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पुढच्याच रविवारी व्याह्यांच्या नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर स्टिकर आला. त्याच्या पुढच्या रविवारी अर्ध्या क्लबाच्या. कुणी रंगीत लावला, एकानं तर दोन्ही काचांवर लावून पाहिला आणि यंत्राला धडकला. ज्यांचा मालक डोळा मुळातच उजवा, त्यांना या स्टिकरचा उपयोग शून्य. उलट डावीकडून येणारी तबकडी उशिरा दिसायची. व्याह्यांचा डोळा उजवाच. त्यांचे आकडे घसरले, कपांवरचं तेज उतरलं, भूक गेली. लेक सांगायची, "ते जेवतच नाहीत हल्ली." म्हणजे जेवणात तोंडी लावायचा विषयच मिटला होता, पण असा नको होता.

एका संध्याकाळी व्याही स्वतः दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. स्टिकर लावलेला चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "व्याही, माझी बंदूक गेली कामातून."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. नुसतं म्हणायचं होतं, तो स्टिकर काढा. पण का काढा, हे सांगायचं म्हणजे का लावला, हे सांगणं आलं; आणि तिथून मागं मागं जात थेट पहिल्या चहापर्यंत. लग्न तोंडावर होतं. तेवढ्यात व्याही म्हणाले, "नवी घेतो. कोणती घेऊ? तुम्ही सांगाल ती."

हा प्रश्न आजवर चष्मेवाल्यांनीच सगळ्यांना विचारला होता. त्यांना कुणीच कधी विचारला नव्हता. त्यांची मान आपोआप ताठ झाली. ती मोहाची घडी होती, आणि गडी घसरला.

"एकावर एक नळ्या," ते म्हणाले. "गडद अक्रोड. वजनाला मधली. माझ्यासारखीच घ्या."

बायकोनं नवऱ्याकडं एकदाच पाहिलं. मग व्याह्यांचा चष्मा उचलला, दोन्ही काचा फडक्यानं लख्ख पुसल्या आणि पुढं ठेवला. पांढरा ठिपका फडक्यात गेला होता.

"अहो, स्टिकर!" व्याही म्हणाले.

"नव्या घडणीच्या बंदुकीला तो लागत नाही," ती शांतपणे म्हणाली. "उलट अडतं."

व्याह्यांनी हे वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं. नवी बंदूक आली, आणि पहिल्याच रविवारी तबकड्यांचा नुसता चुरा झाला. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात की बंदूक निवडावी तर आमच्या व्याह्यांनी. लेकीला सासरी या एका गोष्टीवर दुप्पट वाढलं जातं. दोन्ही क्लबातले लोक सल्ल्याला दुकानात येतात, आणि चष्मेवाले एकालाही दुसरी बंदूक सुचवत नाहीत.

मागं एकदा मैदानावर व्याह्यांना एकदम काहीतरी सुचलं. "पण व्याही, बंदूक आपली एकच. मग तुमच्या काचेवर तो अजून कसा?"

चष्मेवाले मान खाली घालत होते. ती तशीच ठेवून ते म्हणाले, "माझी तुमच्या आधीची. जुन्या घडणीची," आणि घाईघाईनं ओरडले, "सोड!"