भावाच्या जीपचे ब्रेक

माझा मोठा भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात पाइप फिटर होता. निवृत्तीनंतर त्यानं जळगावच्या घरामागे एक जुनी जीप नव्यानं बांधायला घेतली. पुढच्या चाकांना दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक लावले, मागचे जुने ड्रम तसेच ठेवले. ब्रेकचे पाइप अर्धे जोडून झाले आणि त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

ओट्यावरच्या खुर्चीतून तो दिवसभर जीपकडे बघायचा आणि रडायचा. वहिनीला ते बघवेना. "ताई, भंगारवाल्याला बोलावते. जाऊ द्या ती एकदाची नजरेआड."

भावानं डाव्या हातानं जेवणाचं ताट भिरकावलं.

"मी पुरी करते," मी म्हणून बसले. लहानपणापासून त्याच्या हातात पाने-पकडी देत आले होते, तेवढंच माझं ज्ञान.

पाइप जोडले, ऑइल भरलं, पाइपातली हवा काढली. ब्रेक घट्ट लागला. गाडी थोडा वेळ उभी राहिली की मात्र पेडल थेट तळाला जायचं. पुन्हा हवा काढायची, पुन्हा तेच. गळती कुठेच नाही. शेवटी मी जीपखालीच आडवी होऊन रडले.

भाऊ "आं, आं" करत होता. तहान लागली असेल म्हणून पाणी नेऊन दिलं. त्यानं ते उतरत्या पायरीवर ओतलं आणि वाहत्या धारेकडे बोट दाखवत राहिला. मी वाकून पुन्हा जीपखाली बघितलं. पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जीपच्या पायाखालच्या फळीखाली, चाकांच्या ब्रेकपेक्षाही खाली. ऑइल उतारानं परत येत होतं! ते अडवायला पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह हवा होता.

धुळ्याला गेले. दुकानदारानं हलक्या आणि जड दाबाचे, असे दोन प्रकारचे व्हॉल्व्ह पुढ्यात टाकले. "काहीबी लई जा ताई, बठ्ठा सारखाच शेतस." म्हणजे कुठलाही न्या, सगळे सारखेच.

मी पुढे-मागे दोन्हीकडे जड दाबाचे बसवले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले तोच पुढची चाकं आवळली, धूर निघाला. लोकांनी ढकलत घरी आणली. वहिनी आत निघून गेली. मी भावासमोर जमिनीवर बसले. "नाही रे जमत मला. खरंच नाही जमत."

त्यानं माझं मनगट पकडलं. करकचून दाबलं, मागच्या चाकाकडे मान वळवली. मग पकड इतकी सैल केली की बोटं नुसती टेकलेली राहिली, आणि पुढच्या चाकाकडे बघितलं.

डिस्कला हलका व्हॉल्व्ह, ड्रमला जड. जड दाबानं पुढची डिस्क सुटतच नव्हती.

पुन्हा धुळं गाठलं, पुढचा व्हॉल्व्ह बदलला. त्या आठवड्यात भावाला शेजारी पट्ट्यानं बांधून जीप जामनेरच्या रस्त्याला काढली. उतारावर म्हशी आडव्या आल्या. मी पाय दाबला. जीप सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली.

भावानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. शब्द काही आला नाही. म्हशी जाईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो, मग त्यानं डाव्या हातानं पुढे चल अशी खूण केली.