रत्नाअक्काच्या घटातलं रडणारं पाखरू

रत्नाअक्काच्या घटातून भूत निघालं आणि ते रडतं, अशी कुजबुज दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात रावेरकडच्या आमच्या गावात उठली. मी काही ती पसरवली नाही. चौघांना सांगितली, एवढंच.

अक्का भरिताची वांगी पिकवण्यात मोठी, टापटिपीत त्याहून मोठी. घटाची माती वांग्याच्या वावरातली, तीही मैद्याच्या चाळणीनं चाळलेली, हे ती दर वर्षी बायकांना ऐकवायची. पुढं विचारायची, ‘‘तुम्ही चाळता ना गं?’’

सातव्या माळेला सकाळी शेजारची हेमलता फुलं घेऊन आली, तर घटाच्या गव्हावर हाताच्या पंजाएवढं काळपट पाखरू. पाठीवर कवटीसारखा पिवळा ठसा. तिनं उदबत्तीच्या काडीनं डिवचलं, तसं ते ‘चीं चीं’ ओरडलं.

‘‘अक्का, हे तर रडतंय!’’

अक्कानं त्यावर टोपली पालथी घातली. मग देव्हारा ते दार, दार ते टोपली, अशा येरझारा. चहा निवला, पोळी करपली. नात मयुरीचं धुळ्याकडं जमलेलं, दसऱ्याला साखरपुडा. बातमी तिकडं गेली तर?

गेलीच. आठव्या माळेला दुपारी मुलाचे आजोबा चुडामणनाना आले. पाण्याला हात लावला नाही.

‘‘घरमा असं काही व्हई ते सांगा अक्का. आम्ही साखरपुडा थांबाडसूत.’’

दारात आठ बायका जमल्या होत्या. मीही होतोच.

अक्कानं टोपली उचलली. नानांनी वाकून पाहिलं आणि पाखरू सरळ चिमटीत धरलं. चीं चीं! नाना खो खो हसले.

‘‘भूत नई शे, पतंग शे! वांगी, तीळ, धोतरा जठे, तठे हाऊ. आळी पाला खास, मातीमा शिरस, कोश करस. मध चोरस लबाड, धरं का ओरडस!’’ मग भुवया चढल्या. ‘‘पन अक्का, माती चाळेल ऱ्हाती ते कोश चाळणीमाच सापडता.’’

बायकांच्या माना एकदम अक्काकडं वळल्या. ‘चाळली होती’ म्हटलं, तर अब्रू शाबूत, पण घटात भूत कायम. अक्का दारापर्यंत गेली, परत फिरली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मयुरी पदराचं टोक पिळत उभी.

‘‘गुडघा धरला होता,’’ अक्का भिंतीकडं बघत म्हणाली. ‘‘यंदा नाही चाळली.’’

‘‘अगंबाई!’’ हेमलता म्हणाली. इतकी खूश मी तिला तिच्या स्वतःच्या लग्नातही पाहिली नव्हती.

नानांनी पाणी मागितलं.

मयुरी आता धुळ्याला नांदते. भूत नव्हतं. माती चाळली नव्हती, त्यातून वांग्यावरच्या पतंगाचा कोश घटात आला होता.