पंचेचाळीस लढतींचा सत्कार

नऊ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका बॉक्सिंग क्लबात मी तीन महिन्यांची फी भरली, पंचाहत्तर रियाल. हजर होतो मी, माझी बायको, आमची सोळा वर्षांची मुलगी आणि ज्याच्या हातात पैसे पडले तो हंगेरियन बॉक्सर. पावती मागितली तर त्याने वहीचा कागद फाडून त्यावर नुसता आकडा लिहिला. तारीख मी घातली.

मुलीला बॉक्सिंग शिकायचं होतं. आम्ही वसईचे. आमच्या घराण्यात आजवर कोणी कोणाला मारलंच असेल तर ते शेताच्या बांधावरून, आणि तेही फी न भरता. पण मुलगी हट्टाला पेटली आणि बायको तिच्या बाजूला गेली, म्हणजे दोनास एक.

हंगेरियन चव्वेचाळीस वर्षांचा होता. नाक मधोमध बसलेलं, बोलणं हळू. त्याच्याकडे पाहून हा माणूस कधी काही जिंकला असेल असं मला वाटलं नाही. मंडळाला मात्र वाटलं.

मस्कतमध्ये आम्हा वसईकरांचं एक मंडळ आहे. मंडळाला वर्षातून चार-पाच वेळा कोणाचा तरी सत्कार करावा लागतो, नाहीतर शाली पडून राहतात. फेब्रुवारीत हंगेरियनची पाळी आली. आमचे सेक्रेटरी विमा विकतात, त्यामुळे माईक हातात आला की सोडत नाहीत. ते गरजले, "पंचेचाळीस आंतरराष्ट्रीय लढती! पंचेचाळीस!" टाळ्या पडल्या. शाल पडली, नारळ पडला. त्यातल्या किती जिंकल्या, हे दीडशे माणसांत एकानेही विचारलं नाही. आमच्या लोकांचं असंच आहे. एखाद्याची नोकरी किती वर्षं झाली ते विचारतील, त्याने काम काय केलं ते नाही.

घरी आल्यावर मी फोनवर शोधलं. असल्या नोंदी कोणालाही बघता येतात. व्यावसायिक लढती पंचेचाळीस. जिंकल्या नऊ, बरोबरीत दोन, हरल्या चौतीस. शेवटच्या सोळा तर ओळीने हरल्या होत्या.

"चौतीस वेळा मार खाल्लेल्या माणसाला आपण शाल घातली," मी बायकोला सांगितलं.

"तुम्ही नाही घातली ना? मग झोपा," ती म्हणाली.

मी गप्प बसलोही असतो, पण मंडळाने एप्रिलच्या क्रीडादिनात मुलींची एक लढत ठेवली. आमची मुलगी विरुद्ध दुसऱ्या क्लबातली एक मुलगी, चोपन्न किलो गट, तीन फेऱ्या. पालकाची सही हवी होती. माझ्या पोरीचं नाक, दात आणि डोळे कोणाच्या भरवशावर रिंगमध्ये पाठवायचे, हा प्रश्न होता, आणि भरवसा होता चौतीस पराभवांचा. मी सही केली नाही. क्लबात गेलो.

"तू चौतीस हरलायस," मी इंग्रजीत सरळ म्हणालो.

"पस्तीस," तो म्हणाला. "एक इंटरनेटवर नाही."

लाज वाटल्याचं काही चिन्ह नव्हतं. बाकावर बसून हाताच्या पट्ट्या गुंडाळत त्याने सगळं सांगितलं, जणू बसचे थांबे सांगतोय. हौशी असताना तो चांगला होता. गावातल्या साखर कारखान्याच्या क्लबाकडून सत्तरेक लढती खेळला, त्यातल्या पन्नासाच्या वर जिंकला, एकदा देशाच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळालं. पदकाने घर चालत नाही, म्हणून तेविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. पहिल्या वर्षात सात जिंकला. मग फोन यायला लागले. बुधवारी फोन, शनिवारी लढत, परक्या देशात, तिथल्या लाडक्या पोरासमोर. पाकीट ठरलेलं, निकाल जवळपास ठरलेला.

"म्हणजे मुद्दाम हरायचास?"

"नाही. ते चांगले होते, मी दमलेला होतो. त्यांना असा माणूस हवा असतो, जो सहा फेऱ्या उभा राहतो. मी उभा राहायचो."

"आणि जिंकलास तर?"

"पुढचा फोन येत नाही."

हॉटेलात मी माल उतरवून घेण्याचं काम करतो. रोज सकाळी सुरमई, मटण, भाजी माझ्या काट्यावरून जाते. कालची मासळी कोण स्वस्तात का विकतो, हे मला कोणी शिकवायला नको. हा माणूस वीस वर्षं कालची मासळी म्हणून विकला गेला होता, आणि आमच्या मंडळाने त्याला नारळ दिला.

मुलीला हे सांगितलं तर ती चिडली. "पप्पा, तुम्ही कोचचा बॅकग्राउंड चेक केला? सिरियसली?"

"चौतीस हरलाय तो."

"पस्तीस. आम्हाला सांगितलंय त्याने. पप्पा, तो मला... कॉर्नरमधून बाहेर कसं यायचं ते शिकवतो. दुसरे कोच फक्त मारायला शिकवतात."

वर बायको म्हणाली, "तुमची बढती किती वेळा हुकली ते तिने कधी शोधलंय का?"

मी सही केली. पण एक अट घातली: वजन माझ्यासमोर होईल. मंडळाकडे काटा नव्हताच. सेक्रेटरी म्हणाले, "अरे, मग तुझा हॉटेलातला आण ना." साहेबांना विचारून मी तो आणला.

क्रीडादिनाला हॉल भरला होता. एकशे वीस बिर्याणीची ऑर्डर गेली होती, प्रमुख पाहुणे सोफ्यावर बसले होते, मुलगी हेडगार्ड घालून तयार होती. तिचं वजन भरलं त्रेपन्न किलो आठशे. मग दुसरी मुलगी आली. ठरलेली आजारी पडली म्हणून त्या क्लबाने ऐनवेळी वेगळीच आणली होती. ती काट्यावर चढली. साठ किलो चारशे.

मी आकडा मोठ्याने वाचला. सेक्रेटरी धावत आले.

"हळू बोल की! काटा मासळीचा आहे तुझा, माणसांचा नाही."

"मासळीला बरोबर आणि माणसाला चूक, असा काटा मी अजून पाहिला नाही," मी म्हणालो.

"सहा-सात किलोने काय होतंय? जरा ॲडजस्ट करून घेऊ. पाहुणे बसलेत."

ॲडजस्ट! या एका शब्दावर आमच्या लोकांनी आखातात तीस-तीस वर्षं काढली आहेत. पगार उशिरा आला, ॲडजस्ट. एका खोलीत सहाजण, ॲडजस्ट. आता माझी मुलगीही त्यातच. माझ्या मागे दोन-चार पालक होते, तेही म्हणाले, "अंकल, दीड मिनिटाच्या तर फेऱ्या आहेत." आणि खरं सांगायचं तर माझी जीभही अडखळली. दीडशे माणसं बघत होती, आणि सही मीच केली होती.

हंगेरियन काट्याजवळ आला. आकडा पाहिला. मग मुलीच्या हातांच्या पट्ट्या सोडायला लागला.

"खलास," तो म्हणाला.

सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेतलं. चाळीस रियाल मानधन ठरलं होतं, त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "अशा लढती मी तीसेक वेळा घेतल्या. वजन जास्त, वेळ कमी, पाहुणे बसलेले. मी पैसे घेऊन गेलो, मला माहीत होतं काय होणार. तिला माहीत नाही."

"कोच, आय कॅन डू इट!" मुलगी ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हो," तो म्हणाला. "तीन फेऱ्या उभी राहशील. मग सगळे म्हणतील शाबास. मग फोन येतील."

त्याने दुसरी पट्टी सोडली. मागून कोणीतरी "भित्रा" म्हणालं, मराठीत, त्याला कळणार नाही अशा बेताने. सेक्रेटरींनी माईकवर जाहीर केलं की तांत्रिक कारणाने लढत रद्द, आणि त्या पाठोपाठ मला म्हणाले, "असल्या हरणाऱ्या माणसाला कोणी आणलं इथे?" दोन महिन्यांपूर्वी शाल त्यांनीच घातली होती. मी तसं सांगितलं. त्यांना पाहुण्यांकडे जायचं होतं.

मुलगी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, माझ्याशी दोन दिवस. पुढच्या शुक्रवारी स्वतःच पिशवी घेऊन क्लबात गेली.

हंगेरियनला मोठा बॉक्सर मी आजही म्हणत नाही. पस्तीस म्हणजे पस्तीस. पण त्या हॉलात काट्यावरचा आकडा वाचता येणारी माणसं दोनच होती, आणि त्यातला निर्णय घेणारा मी नव्हतो. बाकीच्यांना बिर्याणीच्या ताटांपलीकडे मोजता येत नव्हतं.

लढतीची मोकळी झालेली पंचवीस मिनिटं भरायला संध्याकाळसाठी बोलावलेल्या ऑर्केस्ट्राच्या गायकाने चार जादा गाणी म्हटली. हंगेरियनसाठी ठेवलेले चाळीस रियाल मंडळाने त्याच संध्याकाळी रोख त्या गायकाला दिले.