तानाबाईची सुट्टी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहाटे रंकाळ्यावरनं धुकं उठायचं आणि शिवाजी पेठेतल्या बोळाबोळांतनं हिंडून गोठ्याच्या पत्र्यावर थेंब थेंब गळायचं. तानाबाई पाचाला उठली. मैना म्हशीखालचं शेण ओढलं, कोमट पाण्यानं कास धुतली आणि बादली गुडघ्यांत धरून बसली. "सोड गं माझी बाय," असं दोनचारदा पुटपुटली, तसं म्हशीनं दूध सोडलं.

तानाबाईचा दिवस असा दोन धारांच्या मधी बांधलेला. सकाळची धार रतिबाची. संध्याकाळची दूधकट्ट्यावर. तिथं मैनेला रस्त्याकडेला उभी करायची आणि गिऱ्हाईक पुढं करील त्या पेल्यात थेट धार काढायची. मिशीला फेस लावून माणसं ढेकर देत जायची. एकोणतीस वर्षं झाली. म्हशी बदलल्या, कट्ट्यावरचे म्हातारे बदलले, हात तोच राहिला. लेकाच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या न पडल्या तोवर बाई शालू खोचून गोठ्यात हजर.

मैनेचं तर आणखीनच निराळं. पावसाळ्याच्या तोंडाला तिचं रेडकू दगावलं. तेव्हापासनं तानाबाईच्या अंगाचा वास आला तरच तिला पान्हा फुटायचा. दुसरं कोणी बसलं की कास आवळून घ्यायची आणि शेपटीचा फटका तोंडावर. दुसरी म्हैस भाकड. त्यामुळं दुधाला मैना आणि मैनेला तानाबाई.

नात राजनंदिनी चौथीत. दाजीपूरच्या जंगलातले गवे बघायचे आणि राऊतवाडीचा धबधबा बघायचा, असा तिनं दोन वर्षं धोशा लावलेला; आणि आज्जी आली तरच. शेवटी लेक ऋतुराजनं दोस्ताची गाडी आणली, सून स्वप्नालीनं डबे बांधले. तानाबाईचा नवरा गुंडू घरीच थांबणार होता. एकेकाळचा तालमीतला पैलवान, आता गुडघे गेले होते. वैरण-पाणी बघायचा आणि दिवसात मोजून वीस शब्द बोलायचा.

पाचाच्या आत परत यायचं आधीच ठरलं होतं. उशीर झालाच, तर तानाबाईचं धारेचं हिरवं पातळ अंगावर घेऊन गुंडूनं बसायचं. तोड जुनीच, पेठेत पुष्कळांनी केलेली. म्हशीला माणूस कुठं ओळखू येतंय, तिला कापडाचा वास ओळखू येतोय.

"मी पातळ नेसू?" गाडी दारात आल्यावर गुंडू पुन्हा म्हणाला.

"नेसू नगासा. खांद्यावर घ्या निस्तं."

"कट्ट्यावर? तालमीची पोरं बघत्यात की."

"मग आमी येळंत यावं म्हणून अंबाबाईला सांगा," म्हणून तानाबाई गाडीत बसली.

दाजीपूरला गाडी बाहेर ठेवून जंगलातली भाड्याची जीप घ्यावी लागली. जीप चालवायला पिराजी नावाचा तिथलाच गडी. तांबड्या मातीची वाट, दोन्हीकडं गच्च झाडी, मधनंच उन्हाचा कवडसा. तासभर नुसतीच माकडं आणि मोराची पिसं. मग पिराजीनं जीप थांबवून बोट केलं. पन्नास पावलांवर एक गवा उभा होता. काळाभोर, अंगानं हत्तीच्या पिल्लाएवढा, पायांत पांढरे मोजे घातल्यागत. राजनंदिनीनं आईचा दंड पकडला. तानाबाई मात्र पुढं वाकून बघत राहिली.

"ह्याला कोण धुतंय रं?"

"पाऊस धुतोय, मावशी. आनि कोन?" पिराजी म्हणाला.

"आमच्या म्हशीला रोज चार बादल्या लागत्यात. तरी असली चकाकी न्हाय," असं ती स्वतःशीच बोलली. तिला वाईट वाटलं का आनंद झाला, ते काही कळलं नाही.

परत फिरताना घोटाळा झाला. वळणावर ऐन वाटेत कळप उभा. मधोमध एक गवीण आणि तिच्या कासेला ढुशा देत पिणारं पिल्लू. पिराजी म्हणाला, जरा गाडी रेटली की बाजूला होतात, रोजचं आहे. ऋतुराजनं घड्याळ बघून रेट म्हणून सांगितलं. पिराजीनं गिअर टाकला, तेवढ्यात तानाबाईनं मागनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. पान्हा घातलाय तिनं. आता बुजली तर पोरगं उपाशी ऱ्हाईल."

इंजिन बंद झालं. त्या पिल्लाचं झालं तर दुसरं प्यायला लागलं. मग कळपातल्या दोघी वाटेतच बसल्या आणि रवंथ करायला लागल्या. पाऊण तास गेला. ज्या बाईला घरी जायची सगळ्यांत घाई, तिनंच सगळ्यांना बसवून ठेवलं होतं.

राऊतवाडीच्या फाट्याला आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ऋतुराजनं गाडी हळू केली. धबधबा सोडून सरळ निघालं तरच आता मैनेची वेळ साधत होती. राजनंदिनीला ते कळलं असावं. हट्ट केला नाही तिनं, खिडकीतनं फाट्याच्या पाटीकडं नुसती बघत बसली. तानाबाईनं नातीच्या मानेकडं बघितलं.

"घाल गाडी धबधब्याकडं," ती ऋतुराजला म्हणाली. "तुजा बा बसंल धारंला."

पाऊस सरल्यानं धबधबा बारीक झाला होता, तरी कड्यावरनं पांढरी धार सुटलेली आणि तुषार तोंडावर येत होते. एवढं दूध असतं तर कट्ट्यावर पेला पुरला नसता, असं तानाबाई म्हणाली आणि नातीचा हात धरून घोटाभर पाण्यात शिरली. मग काठावर येऊन, ओल्या हातानंच, गुंडूला फोन लावला. पातळ घ्या आणि बसा.

शेजारी डबे उघडणारी सून स्वप्नाली ते ऐकून खाली मान घालून उभी राहिली.

"आत्या, ते पातळ मी काल रात्री धुतलं. मामंजी लोकांत घेऊन बसणार, म्हणून पावडरीत भिजवून चांगलं घासून काढलं."

तानाबाई दगडावर बसलीच. पोरीनं चांगल्यासाठी केलेलं, बोलायचं काय? फोनमधनं गुंडू काय झालं म्हणून विचारत होता. सकाळी धारेला नेसलेलं नवं पातळ तिच्या अंगावरच, कपाटातली सगळी लुगडी धुतलेली. तिनं डोळे मिटून सगळं घर हुंगल्यागत केलं. आणि आठवलं.

"अवं, माझी वाकळ घ्या. अंथरुणातली. पावसाळ्यापासनं पाण्यात गेलेली न्हाय."

पलीकडनं अंथरुणाची वळकटी ओढल्याचा आवाज आला. मग, "ठेव," एवढंच.

वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रखडत राहिली. भाकरी-झुणका सगळ्यांनी खाल्ला, तानाबाईनं नाही. दिवे लागायच्या सुमारास गाडी कट्ट्याशी आली. मैनेभोवती नेहमीपेक्षा जास्त गर्दी. मधी स्टुलावर गुंडू, खांद्यावरनं डोक्यापर्यंत ठिगळाठिगळांची वाकळ ओढलेला, घामानं न्हालेला. पेल्यात धार पडत होती. आवाज भरल्या कासेचा होता. तानाबाईला लांबनं कळला.

"वस्ताद, थंडी वाजतीया काय?" एकानं विचारलं.

"दूध पायजे का नगो तुला?" वाकळीतनं आवाज आला.

राजनंदिनी हाक मारणार, तोच तानाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. आपला आवाज ऐकला की मैना मान वळवणार, आणि मग गुंडूच्या हाताला काही लागणार नाही. ती नातीला धरून गाडीच्या आडोशाला उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपल्या म्हशीची धार लांबनं बघत होती. शेवटचा पेला भरला, कास मोकळी झाली, तेव्हाच ती पुढं आली.

"सोडलं की गं तिनं," गुंडू म्हणाला.

"बघितलं."

"बघत हुतीस? मग आली का न्हाईस?"

"मधी येत्यात व्हय कुणी?" म्हणत तिनं त्याच्या अंगावरची वाकळ काढून घेतली आणि घाम पुसायला पदर पुढं केला. उद्या वाकळ धुवायला काढू का, म्हणून स्वप्नालीनं भीतभीत विचारलं. सगळे हसले, गुंडूसुद्धा.

मैनेचं दावं सोडून तानाबाई घराकडं चालायला लागली. गोठ्यात येऊन तिनं नव्या पातळाचा ओचा खोचला, घमेल्यात सरकी पेंड टाकली, तिच्यावर पाणी ओतलं आणि गुठळ्या हातानं फोडत बसली.