विबेकेचं गाणं विबेकेनंच लिहिलं

आमच्याकडे डेन्मार्कमध्ये कुणाची सत्तरी आली की घरचे त्याच्यावर गाणं लिहितात. चाल ओळखीची, शब्द त्याच्या आयुष्याचे. जेवणाच्या मधेच छापील कागद वाटायचे आणि सगळ्यांनी मिळून गायचं. माझ्या बायकोनं, विबेकेनं, अशी कितीतरी गाणी लोकांना लिहून दिली. स्वेनबोर्गमध्ये तिनं जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाची अंडीपिल्ली तिला ठाऊक.

मग तिला स्मृतिभ्रंशानं गाठलं. तिच्या सत्तरीचं गाणं तिची बहीण बिर्थे लिहिणार, असं सगळे धरूनच चालले होते. पण विबेके जाते त्या केंद्रात असे आजारी लोक आपली गोष्ट आपणच लिहितात. तिनं बहिणीला ठणकावलं, "मी अजून मेले नाही. माझं गाणं मीच लिहिणार."

बिर्थे माझ्याकडे आली. नावं चुकतील, लोक हसतील, तू आधी वाचून बघ, म्हणाली. मी नकार दिला. त्यात मोठेपणा काही नव्हता, मला भीती वाटत होती. हल्ली विबेके मला 'तो माणूस' म्हणायची. तिच्या गोष्टीत मी नसेनच, तर ते जितकं उशिरा कळेल तितकं बरं.

समारंभात हेरिंग मासे झाले, भाजलेलं डुक्कर झालं आणि कागद फिरले. पहिल्या कडव्यात तिच्या वडिलांची बेकरी. दुसऱ्यात तिला चावलेले कुत्रे, मालकांच्या नावांसकट. त्यातला एक मालक समोरच बसला होता; बिचाऱ्याला स्वतःच्या कुत्र्याची बदनामी सुरात गावी लागली. तिसऱ्यात आमची मुलगी. मी अजून कुठेच नव्हतो.

चौथं कडवं तर चालीत बसेचना. ओळी भलत्याच लांब. आधी पाहुणे गप्प झाले, मग अकॉर्डियनवाला. बिर्थेनं माझ्याकडे 'बघ, सांगत होते' असं पाहिलं.

विबेके उठली. "गाता येत नसेल तर ऐका," म्हणाली आणि स्वतःच वाचू लागली.

"माझ्या घरात एक माणूस आहे. त्याचं नाव मला सकाळी आठवत नाही, कधी दिवसभर आठवत नाही. तो घोरतो. लापशी करपवतो. सारखा माझ्या चुका काढतो, तेव्हा राग येतो. पण तो आत आला की माझी भीती जाते."

सगळ्यांनी रीतीप्रमाणे हुर्रे केलं. मी मात्र ढसाढसा रडत होतो आणि कित्येक महिन्यांनी छाती हलकी झाली होती.

बिर्थे माझ्या कानाशी लागली. "तुझं नाव नाही रे घातलं तिनं."

"नसू दे," मी म्हटलं. "लापशी मीच करपवतो."