रामीबाईचा बिडाचा तवा

महागावजवळच्या बंजारा तांड्यात रामीबाईच्या भाकरीचं नाव होतं. तिचा बिडाचा तवा ती कुणाला राखेनं घासू देत नसे. कोमट पाण्यानं पुसायचा, चुलीवर कोरडा करायचा, जवसाच्या तेलाची चिंधी फिरवून धूर निघेपर्यंत तापवायचा. वर्षानुवर्षं असं करून तवा काळाभोर, गुळगुळीत झाला होता.

१९५८च्या सुमारास तिला दिसेनासं झालं. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. चूल सुटली की घरातलं आपलं सगळंच सुटेल, असं तिला वाटे. भाकरी ती चाचपून उलटायची. सून मैनाबाईच्या लक्षात आलं होतं, पण सासूच्या पोळलेल्या बोटांना तूप लावून ती गप्प राहायची.

एका सकाळी तांब्या शोधताना रामीबाईचा हात लागला आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी सांडलं. कडकन आवाज झाला. तव्याला आरपार चीर गेली. बैल सोडायला निघालेला तिचा मुलगा हरिसिंग आत आला.

"कोनं फोडला?"

रामीबाई बोलली नाही. मैनाबाई तिच्याकडे पाहत राहिली.

हरिसिंग बायकोवरच उखडला. "माह्या याडीचा तवा फोडला तू! आता काहून बोलत नाईस? जाय आपल्या मायकडं, ढाणकीले!"

मैनाबाई पोटुशी होती. तिनं खरंच गाठोडं बांधलं आणि ती दाराबाहेर पडली. तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज दूर जायला लागला, तशी रामीबाई भिंत धरून उठली.

"हरिया, थांबव तिले. माह्या हातानं फुटला तवा. मले दिसत नाई रे. लई दिवसांपासून दिसत नाई."

हरिसिंग बायकोमागे धावला आणि तिला परत घेऊन आला.

पुढे तो आईला यवतमाळला दवाखान्यात घेऊन गेला. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुसदच्या बाजारातून नवा तवा आला. भाकरी त्याला चिकटायची. मैनाबाईनं तो सासूच्या हातात दिला. रामीबाई रोज त्यावरून बोटं फिरवायची आणि म्हणायची, "आजून खरखरीत हाय. तेल कमी लाव, जास्त तापव." पण चुलीपुढे ती पुन्हा बसली नाही. मैनाबाई तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

एकदा रामीबाईनं विचारलं, "त्या दिवशी तू काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही सांगान म्हून थांबली होती."

रामीबाईनं मान खाली घातली.